बावन्न पुस्तकांची भानगड

ऐकलंत ना? तुमच्यापर्यंत आलंच असेल म्हणा. शहापुरात सकाळी आठला झालेली गोष्ट साडेआठच्या लोकलने आसनगावहून कल्याणकडे निघालेली असते. तरी सांगते, कारण तिथे पोचेपर्यंत तिच्यात परका मसाला पडतो आणि मला तो माझ्या हातचा लागतो.

तर एक जानेवारी. या तारखेला पूर्वी बोलायला किती चांगले विषय असायचे! मुरबाड रस्त्याच्या कुठल्या फार्महाउसवर कोण सापडलं, माळशेजला जातो सांगून निघालेला कुणाचा मुलगा कुठे उगवला, कुणी दारू सोडली आणि ती संध्याकाळपर्यंत तरी सुटलेली राहिली का. स्वच्छ, चारचौघांत बोलण्यासारखे विषय. यंदा दुधाच्या पिशव्या आणायला बाहेर पडले तर आळीतल्या दोघी एकमेकींच्या कानाला लागलेल्या. मी जवळ गेले. जावंच लागतं, शेजारधर्म आहे.

"त्यांच्या धाकट्या सुनेने जाहीर केलंय."

"काय?"

"बावन्न."

"बावन्न काय गं?"

"पुस्तकं!"

वर्षाचे आठवडे बावन्न, म्हणून पुस्तकं बावन्न. बरं, वाचायची तर गुपचूप वाचावीत की नाही? आमच्या पिढीने चोरून वाचलं, उशीखाली लपवून वाचलं, भात करपवून वाचलं, पण आकडा सांगितला नाही. हिने मोबाइलच्या स्टेटसवर फोटो लावला. पुस्तकांची चळत, शेजारी कॉफीचा कप, मागे खिडकीतून दिसणारा माहुली किल्ला. सासूबाईंना किल्ल्याचं काही नाही आणि पुस्तकांचंही नाही. चळतीखाली त्यांची क्रोशाची ठेवणीतली जाळी अंथरलेली दिसली, ते त्यांच्या जिव्हारी लागलं. दुपारपर्यंत तीन घरांतून उत्तरं आली. एकीने चोवीस लावली, एकीने साठ. एका निवृत्त मास्तरांनी शंभर लावली, तेव्हा मात्र आळी गप्प झाली. मास्तरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फेब्रुवारीत आहे.

हे सगळं आलं कुठून म्हणाल, तर अमेरिकेतून. गुडरीड्स नावाची एक सोय आहे. ती २००७ पासून चालू आहे आणि २०१३ मध्ये ॲमेझॉनने ती विकत घेतली. २०११ पासून ती दर जानेवारीला विचारते, यंदा किती वाचणार? तुम्ही भोळेपणाने आकडा कबूल करता आणि तिथेच फसता. कारण मग ते यंत्र हिशेब ठेवतं. मार्चमध्ये तुम्ही सुखाने वालाच्या शेंगा सोलत बसलेल्या असता आणि मोबाइल कळवतो की, आपण ठरल्यापेक्षा तीन पुस्तकं मागे आहात. अहो, सावकारसुद्धा सुगीपर्यंत थांबतो! आमच्या भातसा-तानशाचा पाणीसाठा पावसाळ्यात रोज टक्क्यांत छापून येतो ना, तशी आता आळीतल्या सुनांची टक्केवारी निघते. अमकी अठरा टक्के, तमकी एकतीस. (धरणांच्या टक्क्यांवर मुंबईचा जीव. तिच्या पाण्यापैकी जवळपास निम्मं एकट्या भातशाचं. ते टक्के वाचून मुंबई निर्धास्त झोपते आणि उन्हाळ्यात शहापूरचे पाडे टँकरची वाट बघतात. पण तो विषय खमंग नाही, तो पुन्हा कधीतरी.)

पुस्तकवाल्यांचं एकवेळ परवडलं. सिनेमावाले त्याहून वाह्यात.

माझ्या बहिणीचा मुलगा खर्डीला राहतो आणि नोकरीला मुंबईत जातो. जाताना सव्वादोन-अडीच तास, येताना तेवढेच. त्याने यंदा सिनेमांचं आव्हान घेतलंय. त्यासाठी लेटरबॉक्स्ड म्हणून न्यूझीलंडच्या दोघांनी २०११ मध्ये काढलेली निराळी डायरी असते. तिच्यात पाहिलेला सिनेमा तारखेनिशी लिहायचा आणि पाचपैकी तारे द्यायचे, अर्धा तारासुद्धा चालतो. या दिवट्याने 'सैराट'ला साडेतीन तारे दिले. साडेतीन! आणि कुठल्याशा परदेशी सिनेमाला साडेचार, ज्यात त्याच्या आईच्या म्हणण्याप्रमाणे एक माणूस तीन तास बर्फाकडे बघत बसतो. माझी बहीण दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. "सैराटला तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला होतास, तेव्हा तारे कुठे गेले होते?" हा तिचा प्रश्न. त्यावर त्याच्याकडे उत्तर नाही, आणि लेटरबॉक्स्डकडेही नाही.

त्याला म्हटलं, "तुझं शेवटचं ध्येय काय रे?" तर म्हणाला, "मावशी, मरण्यापूर्वी पाहायलाच हवेत असे एक हजार एक सिनेमे आहेत." त्या नावाचं खरंच एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे, २००३ मध्ये पहिल्यांदा निघालेलं. मी पाठीमागच्या कॅलेंडरवर हिशेब मांडला. सिनेमा दोन तासांचा धरला तर दोन हजार दोन तास. रोजचा प्रवास पाच तासांचा. म्हणजे चारशे दिवस, आणि सुट्ट्या, मेगाब्लॉक, आजारपण धरून साधारण दीड वर्ष. जगातल्या कुठल्याही रसिकाला आयुष्य पुरत नाही ते काम कसारा लाइनवरच्या माणसाकडून दीड वर्षात उरकतं! फक्त मरण्यापूर्वी ही अट पाळायची तर त्याने दारात उभं राहून सिनेमा बघू नये, एवढं मी त्याला बजावलंय.

आणि वेग! मोबाइलवर सिनेमा दीडपट वेगाने पळवता येतो, हे तुम्हाला माहीत आहे? मला नव्हतं. आळीतल्या एका मुलीने अत्र्यांचा 'श्यामची आई' तसा पाहिला. १९५३ चा सिनेमा, त्याला राष्ट्रपतींचं पहिलंवहिलं सुवर्णपदक मिळालेलं, आणि हिने त्यातली आई दीडपट वेगाने मारली. मी विचारलं, "रडू आलं का?" म्हणाली, "येत होतं, पण तेवढ्यात संपला." पुस्तकाचं त्याहून वाईट. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहिलं म्हणतात. त्यात रात्री आहेत बेचाळीस. त्या बेचाळीस रात्री हिने एका दुपारी, धुण्याचं मशीन चालू असताना उरकल्या. मग स्टेटसवर काय लावलं? 'पूर्ण. पुढचं?'

आता मोजदादीवरून काय महाभारत झालं ते ऐका. सुनेने संकल्प सोडल्यावर आठवड्यात आळीचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला आणि दुसऱ्या आठवड्यात तो फुटला. कारण काय, तर सबटायटल. एकीने कोरियन मालिकेचे सोळा भाग पाहिले. तिला कोरियन येत नाही, तेव्हा खालच्या ओळी वाचूनच पाहिले. मग हे वाचनात धरायचं की पाहण्यात? ती म्हणते, "सोळा तास अक्षरं वाचलीत मी, कादंबरी झाली ती." दुसरी म्हणते, "मग एसटीवरच्या पाट्या मी शाळेत असल्यापासून वाचतेय, त्याही धरा." यावर पहिलीने ग्रुप सोडला, दुसरीने नवा काढला, आणि दोघींच्या नवऱ्यांची मधल्या मध्ये क्रिकेटची टीम मोडली.

त्यातून जरा निभावतंय तोच ऐकण्याच्या पुस्तकांचा प्रश्न. स्टोरीटेलवर मराठी पुस्तकं कानात बोंडं घालून ऐकता येतात. भांडी घासताना एक कादंबरी, भाकऱ्या थापताना दुसरी. हे वाचन का? मास्तर म्हणाले, मुळीच नाही. तेव्हा आमच्या समोरच्या आजी, ज्यांना या सगळ्यातलं काही कळत नाही असं सगळे समजत होते, त्या ओट्यावरून बोलल्या, "नवविधा भक्तीत पहिली कुठली?" मास्तर म्हणाले, "श्रवण." "आणि वाचन कितवी?" मास्तरांनी बोटं मोजली. श्रवण, कीर्तन, स्मरण, पादसेवन, अर्चन, वंदन, दास्य, सख्य, आत्मनिवेदन. नऊ बोटं संपली आणि वाचन काही आलं नाही. आजी तंबाखूची चिमूट सोडून म्हणाल्या, "मग आम्ही इतकी वर्षं कीर्तनं ऐकली, ती किती पुस्तकं झाली, ते मोजून ठेवा." त्या दिवसापासून ऐकलेलं पुस्तक आमच्या आळीत पूर्ण धरतात.

याहून गंभीर प्रकार वाचनालयात चाललाय. वाचनालयाचं नाव घेत नाही, बाई ओळखीच्या आहेत. त्यांनी मला कपाट उघडून दाखवलं. तुम्हाला सांगते, दीडशे पानांच्या आतलं एक पुस्तक जागेवर नाही! सगळी पातळ पुस्तकं बाहेर. 'बनगरवाडी' नाही, 'माणदेशी माणसं' नाही, एकांकिका नाहीत, नवसाक्षरांसाठीच्या पुस्तिकासुद्धा कुणी उचलून नेल्यात. आणि खालच्या फळीवर 'मृत्युंजय', 'श्रीमान योगी', 'हिंदू' एकमेकांना टेकून बसलेत. त्यांच्याकडे कुणी बघत नाही. ज्या 'मृत्युंजय'साठी एकेकाळी नंबर लावून थांबायचे, लग्नात आहेर म्हणून ते द्यायचे, त्याची आज एवढीच किंमत की जाडी जास्त आणि आकड्यात भर एकाची. सून म्हणाली, "काकू, एका मृत्युंजयच्या वेळात सात बनगरवाड्या होतात." माडगूळकरांचं 'बनगरवाडी' १९५५ मध्ये आलं तेव्हा त्यांच्या स्वप्नातसुद्धा आलं नसेल की त्यांचं मोठेपण असं पानांच्या कमतरतेवरून ठरेल. वर त्याच्यावर अमोल पालेकरांचा १९९५ चा सिनेमाही आहे. म्हणजे एका धनगरवस्तीत दोन्ही आव्हानांना एकेक गुण. मेंढ्या नंतर राहिल्या काय नि गेल्या काय, हिचा फायदा झाला.

वाचनालयाच्या बाईंना मी म्हटलं, चांगलंच की, वाचक वाढले. त्या म्हणाल्या, वाढू देत, आमच्या रजिस्टरला हवेच आहेत. हेही खरंच. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यापासून वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग असतात, वर्गावर अनुदान ठरतं, आणि वर्ग ठरताना पुस्तकं किती, वाचक किती हे विचारलंच जातं. तेव्हा आकड्याचा नाद एकट्या सुनेचा म्हणून तिला का झोडपावं? तिचं यंत्र अमेरिकेतलं, यांचं मुंबईतलं, एवढाच फरक.

सरकारला तरी कुठे चैन पडतंय! २०२५ साल उजाडलं ते उच्च शिक्षण खात्याच्या 'वाचन संकल्प महाराष्ट्राचा' या उपक्रमाने, १ ते १५ जानेवारी. महाविद्यालयांत सामूहिक वाचन, ग्रंथप्रदर्शन, परीक्षण आणि कथनाची स्पर्धा, ग्रंथालयाची स्वच्छतासुद्धा. पंधरवड्यात मुलांनी पुस्तक वाचायचं आणि त्यावर लिहायचं. कल्पनेत वाईट काही नाही, मी तर म्हणेन स्वच्छतेचं कलम फार विचारपूर्वक घातलंय. मला शंका एकच. सामूहिक वाचनाच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडे बघत असतात. मग पुस्तकाकडे कोण बघतं?

या आव्हानांत एक गंमत असते, ती मात्र मला आवडली. अटी घालतात. लाल पुठ्ठ्याचं पुस्तक वाचा. ज्याच्या नावात प्राणी आहे असं वाचा. तुमच्या जन्मसालातला सिनेमा बघा. (सुनेने स्वतःचं जन्मसाल सांगायला नको म्हणून ती अट गाळली, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.) त्यातच एक अट होती, आपल्या भागात घडणारं पुस्तक वाचा आणि आपल्या भागातला सिनेमा बघा. इथे आळी अडली. पुण्याची माणसं ही अट डोळे मिटून पुरी करतील, सदाशिव पेठेत कादंबऱ्यांची काय वाण आहे! पण शहापूर-मुरबाड? डोळखांब, किन्हवली, टोकावडे, म्हसा? कुठल्या कादंबरीचा नायक कधी सरळगावच्या बाजारात उतरलाय?

शोध सुरू झाला. मास्तरांनी गोदावरी परुळेकरांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' काढलं. १९७० चं पुस्तक, १९७२ मध्ये साहित्य अकादमी मिळालेलं, वेठीला जुंपलेल्या वारल्यांचं. ठाणे जिल्ह्याचंच ना? तर ग्रुपवरच्या एका तरुण वकिलांनी हरकत घेतली. ते सगळं डहाणू-तलासरीकडचं. आणि १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला, त्यामुळे पुस्तक पालघरकडे गेलं. जिल्हा फुटला की पुस्तकंही वाटून घेतात, हे मला त्या दिवशी कळलं. मग 'जैत रे जैत' आला. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचा १९७७ चा सिनेमा, स्मिता पाटील, मोहन आगाशे. आमच्या इथल्या ठाकरवाड्यांत जा, ती माणसं आपलीच वाटतात. पण डोंगर रायगडातला. वकिलांनी अर्धा गुण दिला.

शेवटी मुरबाडच्या एका मुलाने सिद्धगडचं नाव काढलं. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचे साथी हिराजी पाटील, ब्रिटिशांचे विजेचे मनोरे पाडणारा आझाद दस्ता, आणि २ जानेवारी १९४३ ला पहाटे सिद्धगडच्या रानात दोघांनाही आलेलं मरण. त्यावरचा 'शहीद भाई कोतवाल' हा सिनेमा २०२० मध्येच आलेला. ग्रुपवर क्षणभर कुणी काही लिहिलं नाही. मग ज्यांनी ज्यांनी जपान, इराण, कोरिया पालथं घातलं होतं त्यांनी एकेक करून कबूल केलं की हा पाहिलेला नाही. सिद्धगडला दरवर्षी याच तारखेला माणसं वंदन करायला जातात, म्हणजे नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी. आणि हे ग्रुपवाले घरात बसून पहिल्या दिवशी आकडे लावत होते. वकिलांनी पूर्ण गुण दिला. कोतवालांचा जन्म रायगडातला, ही हरकत त्यांना सुचली असणार, पण घेतली नाही. एवढी लाज शिल्लक आहे.

आता या सगळ्यावर आमच्या सासूबाईंच्या वयाच्या बायका काय म्हणतात ते ऐकाल तर हसाल. त्यांना बावन्नचं काहीच वाटलेलं नाही. "बावन्न? आमच्याकडे मार्गशीर्षात सात दिवसांत होतात." गुरुचरित्र हो! दत्तजयंतीचा सप्ताह. वर्षभराची गोष्ट सोडा, सात दिवसांत बावन्न अध्याय, तेही पहाटे उठून, सोवळ्यात, एका जागी बसून, मधे कुणाशी बोलायचं नाही, जेवणाचे नियम पाळायचे आणि रात्री चटईवर निजायचं. कुठलं अमेरिकन आव्हान अशी अट घालेल? आणि तिथेही मोजण्याचा वाद आहेच! प्रत बदलली की अध्याय एक्कावन्न, बावन्न, त्रेपन्न होतात. अवतरणिका धरायची की नाही यावर आमच्या आजोळी दोन चुलतभाऊ बोलत नव्हते. ज्ञानेश्वरीचं तसंच. नऊ हजारांवर ओव्या, आठवड्यात पारायण, मांडवात शंभर माणसं एका सुरात. अर्थ कळला का, असं त्यातल्या कुणाला विचारायची सोय नसते. श्रावणात देवळात पोथी लागते तेव्हा एक वाचतो, एक अर्थ सांगतो, आणि बाकीचं गाव ऐकतं, त्यातले चार झोपतात. पुण्य सगळ्यांना सारखं, झोपलेल्यालाही. तारे द्यायची पद्धत नाही. हरिविजय साडेतीन आणि पांडवप्रताप चार, असं कुणी म्हटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

म्हणून मी आळीला सांगितलं, तुम्हाला खरी भानगड बघायची असेल तर मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याला जा. तिथे जे घडलं त्यापुढे सुनेचं स्टेटस म्हणजे काहीच नाही. साठ ते नव्वद वयाच्या बायका, नातवंडं-पतवंडं असलेल्या, गुलाबी साड्या नेसून, पाठीला दप्तर लावून शाळेत गेल्या! कानाचे पडदे फाटतील अशी बातमी आहे, पण शंभर टक्के खरी. ८ मार्च २०१६, महिला दिनाचा मुहूर्त. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी मोतीराम दलाल ट्रस्टच्या मदतीने आजीबाईंची शाळा काढली. कारण काय घडलं? त्याच्या आदल्या महिन्यात गावात शिवजयंती होती, पोथीवाचन चाललं होतं, आणि म्हाताऱ्या बायका म्हणाल्या, आम्हालाही वाचता आलं असतं तर! ऐकण्यात पुण्य पुरेपूर मिळत होतं, आमच्या समोरच्या आजींचा शास्त्रार्थ काही खोटा नाही. तरी त्यांना ते अक्षर स्वतः हाताळायचं होतं.

आणि पुढचं तर कहरच. शिकवायला कोण? गावातलीच एक सून. तिच्या वर्गात पाटी घेऊन बसलेल्यांत तिची स्वतःची सासू! म्हणजे सून समोर उभी राहून विचारणार, काल दिलेलं गिरवलं का, आणि सासू मान खाली घालून म्हणणार, राहिलं. महाराष्ट्राच्या इतिहासात सुनांना अशी संधी दुसरीकडे कुठे मिळाली असेल तर मला कळवा. घरी गेल्यावर गृहपाठ करून घ्यायला नातवंडं. ज्यांचं नाक आजीने पुसलं ती तिला 'काना नीट काढ' म्हणून दटावतात. बाहेरदेशच्या वाहिन्या येऊन हे टिपून गेल्या. बँकेत अंगठ्याऐवजी सही करायला लागल्या या बायका. आता बँकेतल्या शाईच्या पॅडचं काय करायचं?

त्यांनी आव्हानाचा आकडा किती लावला होता, असं त्या बावन्नवाल्या सुनेने मला विचारलं. मी म्हटलं, तुझाच. बावन्न. शासनाच्या २००९ च्या निर्णयाप्रमाणे मराठी वर्णमालेत बावन्नच वर्ण आहेत, अ पासून ज्ञ पर्यंत. त्यांना आठवड्याला एक लिहायला आला तरी वर्ष पुरलं असतं. सून जरा वेळ बोलली नाही. मग तिने विचारलं की त्या शाळेसमोर फोटो काढू देतात का.

म्हणून तर मी या पोरीवर फार रागावू शकत नाही.

बाकी हा ज्वर फार दिवस टिकेल अशी भीती बाळगू नका. मुरबाडकडे नव्या गोष्टींचा उत्साह नेहमीच दांडगा. १ डिसेंबर २०१६ ला धसई महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून जाहीर झालं, तेव्हा वडापावसुद्धा कार्डावर मिळणार होता. आज धसईच्या बाजारात जाल तर खिशात सुटे पैसे ठेवा, एवढंच सांगते. कल्याण-मुरबाड रेल्वेचा संकल्प तर आमच्या लग्नाआधीपासूनचा. आणि पौष पौर्णिमेला म्हशाची जत्रा भरली की वैयक्तिक संकल्पांचा निकाल तिथेच लागतो. बैलबाजार, घोंगड्या, पाळणे, जिलेबीची कढई. तिकडे गेलेला माणूस परत येऊन बावन्नाव्या पानावर बोट ठेवून बसेल? यंदा जत्रेनंतर चोवीसवालीने आकडा बारावर आणला, साठवालीने डायरी 'खासगी' करून टाकली. आमचा खर्डीचा पठ्ठ्या लोकलमध्ये सिनेमा लावतो आणि वाशिंदला झोपतो. डायरीत लिहितो मात्र पूर्ण पाहिला म्हणून, तारेही देतो. शंभरवाल्या मास्तरांनी तेवढं पुरतं मनावर घेतलंय. त्यांनी खालच्या फळीवरचं 'मृत्युंजय' उचललं, म्हणे ऑपरेशनआधी हे एक नीट वाचून होऊ दे, आकडा गेला खड्ड्यात.

सून? तिची अकरा झाली. पैकी सहा पातळ, दोन ऐकलेली, एक अर्धं. उरलेल्या दोहोंबद्दल मात्र तासभर बोलत होती माझ्याशी, स्टेटस न लावता. ही बातमी तुमच्यापुरतीच ठेवा.

एक विनंती तेवढी उघडपणे करते, कारण वाचनालयाच्या बाई रोज मलाच विचारतात. शहापुरात ज्या कुणी जानेवारीत 'बनगरवाडी' नेली आहे त्यांनी ती आणून द्यावी. दंड घेणार नाहीत, मी बाईंशी बोलले आहे. आणि नेल्यासारखी खरंच वाचत असाल तर आणखी आठ दिवस ठेवा.